काटकोनाची खूण

भूमितीच्या पुस्तकातील आकृत्यांत काही कोनांच्या कुशीत एक चिमुकला चौकोन काढलेला असतो. त्याच्यासाठी पुस्तकात वेगळा धडा नसतो, परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, आणि तरीही आठवी-नववीचा विद्यार्थी त्याचा अर्थ अचूक ओळखतो: हा कोन काटकोन आहे. इंदूरच्या मराठी घरातले मूल शाळेत या कोनाला ‘समकोण’ म्हणते, बडोद्याचे ‘काटखूणो’ म्हणते, पुण्याचे ‘काटकोन’ म्हणते. परंतु तिघांच्याही वहीतला चौकोन एकच. भाषांच्या सीमा इतक्या सहजपणे ओलांडणाऱ्या खुणा फार थोड्या.

ही खूण चित्राचा भाग भासली, तरी वस्तुतः ते एक विधान आहे. एखादी रेषा दुसरीवर कितीही ताठ उभी दिसो, तिच्या पायाशी खूण नसेल आणि मजकुरातही तसे म्हटले नसेल, तर तो कोन ९० अंशांचा धरून चालावयाचे नाही. उलट खूण असेल, तर तो कोन कितीही तिरपा दिसला तरी काटकोन मानावयाचा. कागदावर एखादा घन काढून पाहावा. घनाच्या प्रत्येक शिरोबिंदूशी तीन काटकोन एकत्र येतात; पण सपाट कागदावर उतरताना त्यांतले काही चेपले जातात, एखादा लघुकोन दिसू लागतो, एखादा विशालकोन. त्यांच्या कुशीतला चौकोनही तसाच चेपून समांतरभुज होतो, आणि तरीही वाचक त्याचा अर्थ बरोबर लावतो. डोळ्याला जे दिसत नाही ते सांगण्यासाठीच या खुणेची खरी गरज असते.

विधान म्हटले की ते कोणी केले, हा प्रश्न आलाच. छापील पुस्तकात त्याचे उत्तर सरळ आहे. खूण लेखकाने केलेली असते आणि तिच्यामागे दोनच आधार असू शकतात: एक तर ती गोष्ट प्रमेयात दिलेली आहे, किंवा ती आधीच सिद्ध केलेली आहे. सरकारी कागदावरचा शिक्का जसा ज्याला अधिकार आहे त्यानेच उमटवावयाचा असतो, आणि शिक्क्याखालच्या मजकुराची जबाबदारीही त्याच्याकडेच जाते, तसाच हा प्रकार. गेल्या काही दशकांत मात्र हा शिक्का उमटविणारा एक नवा अधिकारी शाळेत आला आहे. तो म्हणजे संगणक.

आकृत्या नुसत्या दाखविणारी नव्हे, तर हाताळू देणारी सॉफ्टवेअरे १९८०च्या दशकात आकाराला आली. फ्रान्समधील ग्रनोबल येथे झाँ-मारी लाबोर्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काब्री’ तयार केले. अमेरिकेत निकोलस जॅकिव यांचे ‘जिऑमीटर्स स्केचपॅड’ १९९१मध्ये बाजारात आले. आणि २००१मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने आपल्या पदवी-प्रबंधासाठी ‘जिओजेब्रा’ लिहावयास घेतले. शाळांना ते विनामूल्य मिळत असल्यामुळे भारतात त्याचाच प्रसार अधिक झाला. महाराष्ट्राच्या दहावीच्या भूमितीच्या पुस्तकातही त्याच्या साहाय्याने गुणधर्म पडताळून पाहण्याची सूचना आलेली आहे. या सर्वांचे मर्म एकच. पडद्यावरचा बिंदू माउसने किंवा बोटाने धरून ओढता येतो, आणि त्याच्याशी जखडलेली सारी आकृती त्याच्याबरोबर हलते. पुस्तकातला त्रिकोण एकच असतो. येथे एका त्रिकोणातून हजार त्रिकोण सरकत जाताना दिसतात.

आता या सॉफ्टवेअरमध्ये काटकोनाची खूण उमटते कशी, ते पाहू लागले की पहिलाच अनुभव चक्रावून टाकणारा असतो. जिओजेब्रात एका रेषेला लंब काढण्याचे साधन आहे. ते वापरून लंब काढला, तर लंब येतो. खूण येत नाही! यंत्राने स्वतःच लंब काढला, तो लंब आहे हे यंत्राला पक्के ठाऊक आहे, पण सांगितल्यावाचून ते बोलत नाही. खूण हवी असेल तर कोन मोजण्याचे साधन स्वतंत्रपणे घ्यावे लागते, आणि दोन रेषांवर किंवा तीन बिंदूंवर क्रमाने टिचकी मारावी लागते. तीन बिंदूंपैकी मधला तो शिरोबिंदू. कोन नेमका ९० अंशांचा भरला, तर नेहमीच्या कंसाऐवजी तेथे चौकोन दिसतो.

टिचकीच्या क्रमाला येथे महत्त्व आहे. पहिल्या भुजेपासून दुसऱ्या भुजेपर्यंतचा कोन हे सॉफ्टवेअर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते. क्रम उलटा झाला, तर काटकोनाऐवजी त्याच्या बाहेरचा २७० अंशांचा प्रविशाल कोन पडद्यावर येतो, आणि चौकोनाचा पत्ता नसतो. शिक्षक नवखे असतील तर भर वर्गात गोंधळ उडतो. उपाय साधा आहे: त्या कोनाच्या सेटिंगमध्ये त्याची मर्यादा ० ते १८० अंश एवढीच ठेवावयाची. त्याच ठिकाणी काटकोन ठळकपणे दाखवावा की नाही याचाही पर्याय असतो. तो बंद केला, तर काटकोनही इतर कोनांसारखा कंसाने दाखविला जातो.

खुणेचे रूप कोणते असावे, हेही निवडता येते. खूण मुळीच नको, हा एक पर्याय. चौकोन हा दुसरा. कंसाच्या आत एक ठिपका हा तिसरा. आणि दोन रेघांचा, रोमन ‘एल’ अक्षरासारखा कोपरा हा चौथा. ठिपक्याची चाल जर्मन भाषक देशांतली, कोपऱ्याची बेल्जियममधली. हे वैविध्य वरवर पाहता हौशी वाटते. पण त्यात एक खाच आहे. महाराष्ट्रातल्या वह्यांत दोन कोन समान आहेत हे दाखविण्यासाठी ठिपका आणि फुली वापरण्याची पद्धत रूढ आहे. कोनदुभाजक काढला की त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका द्यावयाचा, हे मुलांच्या हाताला बसलेले असते. अशा वर्गासमोर ठिपक्याच्या खुणेची आकृती आली, तर मुले ती समान कोनांची खूण म्हणून वाचतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. परदेशातून उतरवून घेतलेली तयार आकृती वर्गात लावण्यापूर्वी शिक्षकाने एवढी एक गोष्ट तरी तपासावी.

येथवरचे सारे हाताळणीचे. त्यापुढचा प्रश्न अधिक खोल आहे: कोन काटकोन आहे, हे यंत्राला कळते कशावरून?

उत्तर ऐकून काहींचा विरस होईल. यंत्र मोजते. प्रत्येक बिंदू त्याच्या लेखी दोन संख्यांची जोडी आहे. त्या संख्यांवरून ते कोन काढते आणि तो ९० अंशांशी ताडून पाहते. आता संगणकातील संख्या द्विमान पद्धतीने साठविल्या जातात. दशांश अपूर्णांकातला साधा ०.१ देखील त्या पद्धतीत पूर्णपणे मावत नाही. सुमारे पंधरा-सोळा अर्थपूर्ण अंकांनंतर त्याची शेपटी कापावी लागते. अशा शेकडो कापलेल्या शेपट्यांतून जो कोन निघतो तो नेमका ९० न येता त्याच्या केसभर अलीकडे-पलीकडे येऊ शकतो. म्हणून काटेकोर समानतेचा हट्ट सोडून यंत्राला थोडी मुभा ठेवावी लागते: फरक अमुक एका अतिसूक्ष्म मर्यादेच्या आत असेल, तर तो काटकोन समजावा.

ही मुभा म्हणजे ढिलाई नव्हे. पाया आखणारा गवंडी काय करतो ते पाहिले की तिचे प्रमाण लक्षात येते. तो कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन, दुसरीवर चार अशी मापे घेतो आणि तिरकस अंतर पाच भरते की नाही पाहतो. तीन-चार-पाचाची ही जोडणी आणि तिच्यासारख्या इतर काही जोड्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात आलेल्या आहेत. यज्ञवेदी आखणाऱ्यांनाही हाच काटकोन हवा होता. आता मापे मीटरमध्ये घेतली आणि पाच मीटरच्या तिरकस मापात एका सेंटीमीटरची चूक राहिली, तर कोन सुमारे पाव अंशाने फसतो, आणि दहा मीटर लांब भिंत टोकाशी चार सेंटीमीटर सरकते. गवंड्याला हे चालते. राहिलेली कसर तो गुण्या लावून आणि गिलाव्यात भरून काढतो. उलट दहा कोटींत एक भाग एवढाच फरक चालेल अशी मर्यादा ठेवली, तर शंभर किलोमीटर लांबीच्या रेषेच्या टोकाशी तिचा परिणाम एका मिलीमीटरइतकाच होईल. व्यवहारात एवढा अचूक काटकोन कोणी मागत नाही, आणि कोणी देतही नाही.

तरीसुद्धा भूमिती म्हणजे व्यवहार नव्हे. भूमितीत काटकोनाची व्याख्या अंशांत नाहीच. युक्लिडने ती अशी केली: एका सरळ रेषेवर दुसरी उभी राहून शेजारचे दोन्ही कोन समान झाले, तर त्यांतला प्रत्येक कोन काटकोन. या व्याख्येत ‘जवळजवळ’ या शब्दाला जागा नाही. यंत्राचा चौकोन म्हणतो, ‘माझ्या मापनात येथे फरक सापडला नाही’. पुस्तकातला चौकोन म्हणतो, ‘येथे फरक असूच शकत नाही’. दोन्ही विधाने एकाच खुणेच्या मागे लपलेली, आणि विद्यार्थ्याला ती वेगळी करून दाखविणारे पडद्यावर काहीच नाही.

या दोहोंमधली एक विलक्षण स्थिती अनेक शिक्षकांनी पाहिली असेल. कोनाजवळ ‘९०°’ असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि तरीही तेथे चौकोन न येता साधा कंसच आहे. सॉफ्टवेअर बिघडले, असा समज होतो. बिघडलेले काहीच नसते. कोन ८९.९९६ अंशांचा असतो. पडद्यावर दोनच दशांश स्थळे दाखवावयाची असल्याने तो ९० असा पूर्ण करून लिहिला जातो. परंतु चौकोनाची कसोटी अधिक कडक असल्यामुळे त्याला खूण मिळत नाही. म्हणजे आकडा सैल बोलतो आणि खूण जपून बोलते. हाताने बिंदू ओढून ‘साधारण काटकोन’ जमविलेल्या आकृतीत हे हमखास घडते, आणि ते वर्गात घडले तर शिक्षकाने ते घाईघाईने दुरुस्त करून टाकू नये. अंदाजाने जमविलेली आकृती आणि नियमाने रचलेली आकृती यांतला भेद समजावून सांगावयास याहून चांगला प्रसंग शोधून मिळणार नाही.

तो भेद असा. रचलेल्या आकृतीत काटकोन तिच्या घडणीतच असतो. बिंदू कोठेही ओढा, खूण टिकते. जमविलेल्या आकृतीत बिंदू जरासा हलला की खूण नाहीशी होते. थेलीझच्या नावाने ओळखले जाणारे प्रमेय श्रोत्यांनी डोळ्यांसमोर आणावे. एक वर्तुळ आहे, त्याचा एक व्यास आहे, आणि वर्तुळावर तिसरा बिंदू घेऊन तो व्यासाच्या दोन्ही टोकांशी जोडलेला आहे. अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला हा कोन काटकोन असतो. युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकातले ते एकतिसावे प्रमेय. पडद्यावर तिसरा बिंदू वर्तुळावरून फिरवू लागले की भुजा लांब-आखूड होतात, त्रिकोण चपटा होतो, पुन्हा फुगतो, आणि कुशीतला चौकोन मात्र त्या बिंदूला चिकटून राहिल्यासारखा त्याच्याबरोबर फिरतो. हे दृश्य पाहिलेले मूल ते प्रमेय सहसा विसरत नाही.

बिंदू व्यासाच्या टोकावर आला की एक भुजाच नाहीशी होते. कोन उरत नाही आणि खूणही विरते. तो खालच्या अर्ध्या वर्तुळात उतरला, आणि मर्यादेचे सेटिंग केलेले नसले, तर ९० अंशांचे एकाएकी २७० होतात. प्रमेय मोडलेले नसते, मोजण्याची दिशा तेवढी बदललेली असते. मुलांना हे आपले आपण शोधू द्यावे.

डोळा आणि खूण यांचे भांडण लावून देणारी आणखी एक जागा या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आडव्या आणि उभ्या अक्षांची मापे असमान केली, म्हणजे आडवे एक एकक जेवढे लांब तेवढे उभे एकक ठेवले नाही, तर तिरप्या रेषांमधले काटकोन पडद्यावर उघडउघड वाकडे दिसू लागतात. यंत्र मात्र त्यांना काटकोनच म्हणत राहते, कारण ते पडद्यावरचे चित्र मोजीत नाही, बिंदूंचे निर्देशक मोजते. कागदावरच्या घनाची गोष्टच येथे नव्या वेषात येते, आणि या भांडणात बाजू यंत्राची खरी असते.

पण खुणा सर्व खऱ्या असूनही आकृती खोटी असू शकते काय? असू शकते. डब्ल्यू. डब्ल्यू. राउस बॉल या इंग्रज गणितज्ञाने १८९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती मनोरंजनाच्या पुस्तकात एक खोडकर सिद्धता दिलेली आहे: काटकोन हा त्याच्याहून मोठ्या कोनाएवढा असतो, अशी! ती थोडक्यात येणेप्रमाणे. अबकड हा एक आयत घ्यावा. अब ही वरची बाजू, डक ही खालची. अ पासून आयताच्या बाहेर, अब च्या किंचित वर, अब एवढ्याच लांबीची अइ ही रेषा काढावी. म्हणजे डअइ हा कोन काटकोनाहून थोडा मोठा झाला. आता बक आणि कइ यांचे लंबदुभाजक काढून ते जेथे मिळतात त्या बिंदूला ओ म्हणावे. ओ हा क आणि इ यांच्यापासून सारख्याच अंतरावर, तसाच ड आणि अ यांच्यापासूनही. आणि डक, अइ या लांबीने समान. सबब ओडक व ओअइ हे त्रिकोण एकरूप, आणि ओडक व ओअइ हे कोन समान. दोन्हींतून समद्विभुज त्रिकोणाचे समान कोन, म्हणजे ओडअ आणि ओअड, वजा करावेत. उरले काय? अडक हा काटकोन आणि डअइ हा त्याहून मोठा कोन, आणि दोघेही समान!

प्रत्येक पायरी तपासली तरी दोष सापडत नाही. आयताचे चारही चौकोन खरे, लंबदुभाजकांच्या पायांशी काढलेले चौकोन खरे. दोष आहे तो ओ च्या जागेत. हाताने आकृती काढताना ओइ ही रेषा अड ला छेदून गेलेली दाखविली जाते, आणि त्या चित्रात वजाबाकी बिनचूक वाटते. जिओजेब्रात हीच आकृती नियमाने रचली की ओ आयताच्या डावीकडे दूर निघून जातो. आयत दोन एकके लांब आणि एक एकक रुंद घेतला, अब आणि अइ यांत १० अंशांचे अंतर ठेवले, तर ओ अड पासून जवळजवळ पावणेसहा एकके लांब पडतो, आणि ओइ रेषा अड ला मुळीच न छेदता अ च्या वरून जाते. तेथे ओअइ हा कोन दोन कोनांची बेरीज राहत नाही, आणि वजाबाकीला आधार उरत नाही. अडक मध्ये चौकोन दिसतो, डअइ मध्ये कंस आणि १०० हा आकडा. इ बिंदू हळूहळू खाली ओढून अब च्या जवळ आणला तर ओ आणखी दूर पळतो. इ नेमका ब वर आला की दोन्ही लंबदुभाजक एकच होतात, ओ नाहीसा होतो आणि डअइ मध्ये चौकोन उमटतो.

यंत्राने येथे जे केले ते कागदाला सहजी जमले नसते. मात्र दोष दाखविणे आणि सिद्धता देणे ही कामे वेगळी आहेत, आणि हा फरक सॉफ्टवेअर रचणाऱ्यांच्याही लक्षात आलेला दिसतो. जिओजेब्रात दोन घटकांमधला संबंध विचारण्याचे एक साधन आहे. दोन रेषा दाखवून विचारले, तर ते आधी एवढेच सांगते की या रेषा परस्परांना लंब आहेत असे संख्यात्मक तपासणीत आढळले. त्यापुढे आणखी विचारले, तर गेल्या दशकात त्यात आलेल्या सोयीनुसार ते बिंदूंच्या निर्देशकांऐवजी अक्षरे घेऊन, बीजगणिताने, तेच विधान सर्वसाधारणपणे खरे आहे की नाही हे ठरविण्याचा प्रयत्न करते. थेलीझच्या प्रमेयासारख्या रचनेत हा निवाडा मिळतो. गुंतागुंतीच्या रचनांत कधी मिळतही नाही. मिळाला तरी तो ‘होय’ एवढाच असतो. का होय, हे वर्तुळाच्या केंद्रातून त्रिज्या काढून, दोन समद्विभुज त्रिकोण पाडून, विद्यार्थ्यानेच शोधावयाचे असते.

तेव्हा वर्गात चौकोनाची खूण सुरू ठेवावी की बंद? दोन्ही गोष्टींना वेळ आहे. प्रमेय प्रथम समोर येते त्या दिवशी ती बंद ठेवणे बरे. बिंदू फिरू द्यावा, कोन मुलांना डोळ्यांनी जोखू द्यावा, काही मुले ८५ म्हणतील, काही ९५ म्हणतील. मग आकडा दाखवावा आणि शेवटी खूण. सिद्धता फळ्यावर लिहून झाल्यावर तीच खूण खडूने पुन्हा एकदा काढावी, कारण ही दुसरी खूण वेगळ्या अधिकाराने काढलेली असते. कंपासपेटीतला गुण्या लावून वहीत काढलेला काटकोन, पडद्यावर उमटलेला काटकोन आणि सिद्ध झालेला काटकोन हे तिन्ही त्या दिवशी एकाच फळ्याजवळ उभे असतात, आणि मागच्या बाकावरून कोणी तरी विचारतेच की यांतला खरा कोणता.